सीतादहीचा कापूस

कार्तिक लागला की नांदुऱ्याच्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या होतात. तो फुलोरा नसतो. कापसाच्या बंड्या झाडांना खेटून जातात आणि काट्यांत पुंजके अडकून राहतात. आता बंड्यांच्या जागी ट्रक आले. ट्रकवर माल उंच रचलेला असतो, म्हणून पुंजकेही वरच्या फांद्यांना लागतात. फरक म्हणावा तर एवढाच. सकाळचं विरळ धुकं तेच, सरकीचा तेलकट वास तोच, आणि सरकी काढणाऱ्या जिनाची घरघर गावाच्या दोन्ही टोकांना सारखीच ऐकू येते. नांदुऱ्यात या मोसमात कोणी हळू बोलत नाही. बोललं तरी ऐकू जात नाही.

यंदा तो रस्ता मी एसटीच्या खिडकीतून पाहिला. त्याच्या थोडं आधी मुंबईकडच्या एका प्रयोगशाळेत काही पत्रकारांना नेलं होतं, त्यांत मीही होतो. अणुभट्टीच्या जाड भिंतीला एक भोक ठेवलेलं असतं आणि त्यातून न्यूट्रॉनांचा झोत बाहेर येतो. त्या झोतासमोर त्या दिवशी एका नव्या मिश्रधातूचा तुकडा ठेवला होता. एक तरुण संशोधक बाई माहिती देत होत्या. पदार्थाच्या आत अणू कसे रचलेले आहेत हे पाहायला एक्स-रे पुष्कळ वर्षांपासून वापरात आहेत, त्या म्हणाल्या, पण एक्स-रेंना जड अणू ठळक दिसतात आणि हलके जवळजवळ दिसत नाहीत. शिसं असेल तर ते पहिल्यांदा दिसणार, आणि त्याच्या शेजारी हायड्रोजन असेल तर तो लपून जाणार. न्यूट्रॉनांचं तसं नाही. ते अणूच्या गाभ्याला भिडतात, त्यामुळे हलके अणूही त्यांना दिसतात. बाकीच्यांनी अणुभट्टीच्या खर्चाचा प्रश्न विचारला. मला शेंदूर आठवला.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि सरकारी कामाचा माणूस मुंबईकडे न जाता नागपूरच्या गाडीत बसत असे. मी एका साप्ताहिकाचा नांदुऱ्याचा बातमीदार होतो. कापसाचा भाव, आगगाडीचा उशीर, जिनातली आग, एवढ्यावर मोसम निघून जाई. संपादकांचा एक दंडक होता: सांगणाऱ्याला जी गोष्ट स्वतःच्या नावानं सांगायची नाही, ती छापायची नाही. ही गोष्ट घडली त्या मोसमात तो दंडक उपयोगी पडला.

माझं गाव वडनेर भोलजी. गावातले नारायणभाऊ मध्यम कास्तकार. जमीन सगळी काळी, फक्त नाल्याच्या अंगाला एक बरड तुकडा. काळ्या जमिनीची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उंच वाढायची, बरडावरची खुजी राहायची. नारायणभाऊंचं लक्ष मात्र बरडावर. बोंडं फुटायला लागली की ते त्या तुकड्यात एकटे फिरायचे. एका झाडाचा कापूस चिमटीत घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये ताणायचा, कानाजवळ नेऊन तोडायचा. तुटण्याचा आवाज मनासारखा आला तर झाडाला लाल चिंधी बांधायची. पुढच्या वर्षीचं बी फक्त चिंधीच्या झाडांचं. बरीच वर्षं हे चाललं होतं. गावातली माणसं थट्टा करायची की नारायणभाऊ पऱ्हाटीची गाऱ्हाणी ऐकून राह्यले. ते हसायचे आणि पुढच्या झाडाकडे जायचे.

वऱ्हाडी कापूस आखूड आणि जाडा, असं देशावरच्या गिरण्यांचं मत होतं आणि ते खोटं नव्हतं. बरडावरचा कापूसही आखूडच होता. पण तो सहज तुटत नसे. नांदुऱ्याच्या बाजारात त्याची ओळख होती, आणि नारायणभाऊंची त्याहून जास्त. तिथे अडत्या शेठचा पारखी बंडीत कोपरापर्यंत हात खुपसतो आणि तळातला कापूस उपसून बघतो, कारण वर कोरडा आणि आत पाणी मारलेला माल येतो. नारायणभाऊंच्या बंडीत हात जात नसे. पारखी चांदमिया वरूनच नजर टाकायचा, सलाम करायचा आणि बंडी पुढे सोडायचा. बाजारात हा मान मोजक्याच लोकांना होता, आणि तो मागून मिळत नाही.

नारायणभाऊंचा धाकटा भाऊ वामन माझ्या वर्गातला. तो पदार्थविज्ञान शिकून नागपूरला एका प्रयोगशाळेत लागला होता. तिथे कापसाच्या तंतूंचे एक्स-रे फोटो काढण्याचं काम नव्यानं सुरू झालं होतं. दवाखान्यात हाड दिसतं तसा हा फोटो नव्हे. तंतू विंचरून, सरळ करून, त्यांची काडीएवढी जुडी एका चौकटीत ताणून बांधायची. तिच्यातून किरणांची बारीक शलाका पाठवायची आणि मागे फिल्म ठेवायची. तंतूच्या आतल्या कणांवरून किरण वळतात आणि फिल्मवर काळ्या खुणा उमटतात. वामननं मला ते स्टेशनच्या फलाटावर, पलीकडे पडलेल्या पऱ्हाट्या दाखवून सांगितलं होतं. आतले कण त्या पसाऱ्यासारखे अस्ताव्यस्त असतील, तर फिल्मवर पूर्ण कडं उमटतं. मोळीसारखे एका दिशेनं लागलेले असतील, तर कड्याचा तुकडाच उमटतो, धनुकलीसारखा. तुकडा जितका आखूड, तितके कण सरळ आणि तंतू मजबूत. भाऊ कानानं जे ऐकत होता ते फिल्मवर दिसतं का, हे त्याला पाहायचं होतं.

त्यात त्याचा स्वार्थ होता आणि तो त्यानं लपवला नाही. शेतकी खातं वऱ्हाडासाठी चांगलं बी शोधत होतं. फोटो चांगला आला आणि तंतू मजबूत ठरला, तर नारायणभाऊंचं बी सरकारी बीजक्षेत्रात पेरून बघू, असं खात्यानं तोंडी कबूल केलं होतं. दसऱ्याला घरी आलेला वामन परत निघताना वहिनीला सांगून गेला की पहिला कापूस मला पाठवा.

पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे सीतादही करतात. सकाळी बाया वावरात जातात. पऱ्हाटीच्या एका झाडाखाली लहान दगड मांडतात, त्यांना शेंदूर लावतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि तोच दहीभात वावरात शिंपडतात. मग घरची बाई पहिली बोंडं वेचते. त्यानंतर बाकीच्या बाया कमरेला ओटी बांधून तासात, म्हणजे झाडांच्या ओळींत, उतरतात. मला त्यातलं आठवतं ते रंगाचं. काळी माती, पांढरी बोंडं, पांढरा भात, आणि मध्ये शेंदराचा ठिपका. भात कुठला आणि कापूस कुठला हे दुरून कळत नाही, म्हणून चिमण्या फसतात. दव असतं तोवर पऱ्हाटी पायांना गार लागते, आणि ऊन चढलं की तीच ओरखडते. बाया गाणं म्हणत नाहीत, गाणं पुढे दुपारी येतं. त्या पहिल्या वेळेला नुसता बोंडातून कापूस सुटण्याचा आवाज असतो, आणि तो इतका बारीक असतो की आवाज म्हणावा की नाही असा प्रश्न पडतो.

वामनचा कापूस दिवाळीनंतर गावच्या एका माणसाबरोबर नागपूरला गेला. फोटो निघाला तेव्हा फिल्मवर कापसाच्या धनुकल्या होत्या. पण त्यांच्यावर, आतबाहेर, बारीक ठिपक्यांची पूर्ण कडी उमटली होती. कापसात अशी कडी येत नाहीत. जुडीला फिकट तांबूस झाक होती, ती प्रयोगशाळेनं कवडी कापसाची, म्हणजे किडलेल्या बोंडाची, समजून सोडून दिली होती. कडी मात्र सोडता येत नव्हती. कसला तरी बारीक खडा कापसात मिसळलेला होता.

त्या वेळी शेतकी खात्याचे एक निरीक्षक तिथे बसलेले होते. वडनेर कुठे आहे ते त्यांना माहीत होतं. पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्याच्या काठाला. ते म्हणाले, मीठ असेल, वजनासाठी खारं पाणी मारलं असेल. वामननं कड्यांची अंतरं मोजली. मिठाची नव्हती. कशाची आहेत ते मात्र त्याला सांगता येईना, आणि जे सांगता येत नाही ते निरीक्षकाच्या मिठापुढे टिकलं नाही. बियाचं काम थांबलं. निरीक्षक दौऱ्यावर नांदुऱ्याला आले तेव्हा जिनात चहा घेताना ते हे बोलून गेले. एक्स-रेनं वडनेरच्या कापसात मीठ दिसलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत बाजारभर झाली. माझ्याकडे ती अनेकांनी आणली. नाव लावायला एकही तयार नव्हता. ती छापली गेली नाही, पण बाजाराला छापण्याची गरज नसते.

पुढच्या बाजाराला नारायणभाऊंची बंडी जिनाच्या आवारात आली. मी तिथे भाव उतरवून घेत होतो. चांदमिया नेहमीसारखा आला, सलाम केला आणि तिथेच थांबला. मग खाली बघत म्हणाला, "माफ करजा नारायणभाऊ. शेठचा हुकूम हाय." आणि बाही वर करून त्यानं हात कापसात घातला. तळातला कापूस काढला, दाबला, हुंगला. कोरडा होता. बंडी पास झाली, भावही ठरलेलाच मिळाला. नारायणभाऊ बैलांच्या मानेवर हात ठेवून उभे होते. आसपासचे कास्तकार आपापल्या बंडीकडे बघू लागले.

वामन दुसऱ्या वेचणीच्या सुमारास घरी आला. त्याला उतरवून घ्यायला स्टेशनवर घरचं कोणी आलं नाही, म्हणून माझ्याबरोबर वडनेरला आला. घरात सगळं नेहमीचं होतं. काशीवहिनी चुलीपुढे भाकरी थापत होत्या, नारायणभाऊ ओसरीवर दोर वळत होते. वामन त्यांच्यासमोर बसला आणि बराच वेळ नागपूरच्या थंडीविषयी बोलला. मग त्यानं बरडावरचा थोडा कापूस पुन्हा मागितला. नारायणभाऊंनी दोराचा पीळ हातात धरला आणि म्हणाले,

"माह्या अंगावर मीठ टाकून गेला तू. ते काढ आंधी. मंग कापूस माग."

वामननं सांगितलं की मीठ नाही हे मी मोजून पाहिलंय. मग काय आहे, असं त्यांनी विचारलं. तो एवढंच म्हणाला की बरडावरून वेचल्यापासून नागपूरला पोचेपर्यंत त्या कापसाला कशाचा तरी स्पर्श झालाय. कोणी वेचला, कुठे ठेवला, हे तो एकेक करून विचारू लागला. नारायणभाऊंना ते चौकशीसारखं वाटत होतं आणि ते तोंड फिरवून उत्तरं देत होते. तेवढ्यात वहिनी चुलीपुढून म्हणाल्या की वेचणीच्या गंजीतला कापूस पाठवलाच नव्हता.

"देवाजोळचा व्हता तो," त्या म्हणाल्या. "सीतादहीचा."

दोघंही भाऊ त्यांच्याकडे बघायला लागले. वामननं विचारलं, देवाजवळचा काऊन? वहिनींना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"तुमीच त म्हणलं भाऊजी, पयला कापूस पाठवजा. पयला कापूस देवाचा रायते. गंजीतला पाठवला असता त तुमीच म्हणले असते, वहिनीनं कोणचाबी देऊन देल्ला."

वामनला पहिल्या प्रतीचा कापूस हवा होता. वडनेरच्या कोणत्याही घरात 'पहिला कापूस' या शब्दांना एकच अर्थ आहे. तो विकत नाहीत. त्याच्या वाती होतात आणि देवाची वस्त्रं होतात. वहिनींनी वस्त्रांतून काढून दिरासाठी तो दिला होता, कारण भाऊजींचं नागपूरचं कामही त्यांच्या लेखी तसंच मोठं होतं.

वामन उठून देव्हाऱ्यापाशी गेला. वेचताना हाताला काय होतं, असं त्यानं तिथूनच विचारलं. वहिनी म्हणाल्या की सीतादहीला असतं तेच, दही, भात आणि शेंदूर. दगडांना शेंदूर लावायचा आणि त्याच हातानं बोंडं वेचायची, हात धुवायचा नसतो. वामन हसायला लागला. तो इतका हसला की चुलीपुढची मांजर उठून गेली.

"हासून काय राह्यला बे?" नारायणभाऊ म्हणाले.

"दादा, मीठ नोय. शेंदूर हाय."

शेंदूर म्हणजे शिशापासून केलेली भुकटी. दगडाला लावतात तो खरा शेंदूर असेल तर त्यात शिसंच असतं. त्याचे कण अस्ताव्यस्त पडलेले असतात, म्हणून पूर्ण कडी, आणि शिसं जड, म्हणून बोटाला लागलेल्या चिमटीएवढ्यानंही फिल्म भरून जाते. वामन हे सगळं भराभरा सांगत होता. नारायणभाऊंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की मला नको सांगू, त्या निरीक्षकानंही न मोजताच सांगितलं होतं. तुझ्या मशीनला विचार, आणि मग सांग.

वामनच्या शिक्षणाचा आणि त्याच्या हुद्द्याचा गावाला अभिमान होता. मला वाटतं त्याला स्वतःच्या घराचा अभिमान त्या दिवशी कळला असावा. दुसऱ्या दिवशी नारायणभाऊ स्वतः बरडात उतरले. चिंधीच्या झाडांचा कापूस स्वच्छ हातांनी वेचला आणि नव्या फडक्यात बांधून दिला. वहिनींनी देव्हाऱ्यातला चिमूटभर शेंदूर कागदात बांधून दिला. देताना त्यांनी वामनला बजावलं ते असं:

"पुढच्या सालीबी पयला देवाचाच रायल. तुमच्या मशीनीले दुसऱ्या वेचणीचा."

मशीननं वहिनींच्या बाजूनं निकाल दिला. शेंदराचा वेगळा फोटो काढला तेव्हा तीच कडी, त्याच अंतरांवर, एकास एक जुळली. स्वच्छ कापसाच्या फिल्मवर कडी नव्हती. फक्त धनुकल्या होत्या, आणि त्या प्रयोगशाळेत जमलेल्या वऱ्हाडी वाणांमध्ये सगळ्यांत आखूड होत्या. निरीक्षकांनी तो निकाल वाचला आणि बियाची शिफारस केली. बरडावरचं बी पुढच्या मोसमात सरकारी बीजक्षेत्रात पेरलं गेलं, आणि नंतर काही वर्षं मेहकरपर्यंतच्या कास्तकारांनी ते मागून नेलं. ही बातमी माझ्या साप्ताहिकात आली. तिला नाव लावायला या वेळी निरीक्षक स्वतः तयार होते.

नंतर अमेरिकन कापूस आला, मग संकरित आला. बरडावरचं वाण आता कोणाकडे आहे का, हे मी विचारून पाहिलं. सांगता येणारं कोणी भेटलं नाही. त्याचं दुःख करावं असं मला वाटत नाही. बी बदलतच असतं. पण मुंबईकडच्या त्या प्रयोगशाळेत उभा असताना एक विचार आला तो नोंदवून ठेवतो. एक्स-रेंना वहिनींच्या हातावरचा शेंदूर दिसला, कारण तो जड होता. दही दिसलं नाही. दह्यातलं पाणी हलकं, एक्स-रेंच्या नजरेत न भरणारं. मी त्या संशोधक बाईंना विचारलं की कापसाला दह्याचा ओलावा लागला असेल तर न्यूट्रॉनांना तो कळेल का. त्या म्हणाल्या, ओल्या कापसातलं पाणी पाहायला तर हे उत्तमच. कशाला विचारता, असं त्यांनी विचारलं नाही. मला बरं वाटलं. एखाद्या सकाळी बाईनं नुसत्या हातानं बोंड वेचावं आणि त्या हातावरचं सगळं, जडही आणि हलकंही, कुठेतरी उमटून राहावं, ही कल्पना विज्ञानाची आहे की माझी, हे मी ठरवलेलं नाही.

स्वच्छ कापसाची ती फिल्म घेऊन वामन आला तो बाजाराचा दिवस होता. गाडी नांदुऱ्याला थांबली आणि तो घरी न जाता थेट जिनाच्या आवारात आला. ऊन स्वच्छ होतं, हवेत कापसाचे तंतू उडत होते आणि ते उन्हात चमकत होते. नारायणभाऊंची बंडी रांगेत पुढे लागली होती. चांदमियाचा हात कोपरापर्यंत कापसात गेलेला होता, कारण शेठचा हुकूम अजून फिरला नव्हता. वामननं पिशवीतून फिल्म काढली आणि भावाच्या हातात दिली. मग दोन वाक्यांत सांगितलं: कडी शेंदराचीच होती. आणि हा आपला कापूस, आतले कण एका दिशेनं, सरळ.

नारायणभाऊंनी फिल्म आधी उलटी धरली. वामननं ती फिरवून दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी सूर्यासमोर वर उचलली आणि एक डोळा मिटून बघत राहिले. आजूबाजूच्या बंड्यांवरची माणसं खाली उतरली. कोणी विचारलं की हा पऱ्हाटीचा फोटो आहे का, दुसरा म्हणाला की मग पऱ्हाटी कुठे आहे. नारायणभाऊंच्या चेहऱ्यावर फिल्मची सावली पडली होती आणि तिच्यात दोन लहान काळ्या धनुकल्या होत्या.

चांदमियाचा हात बंडीतच होता. तिथूनच मान वर करून त्यानं विचारलं, "काय दिसून राह्यलं भाऊ?"

"सरळ हाय," नारायणभाऊ म्हणाले. "आतून सरळ हाय."

"काय, कापूस?"

नारायणभाऊंनी फिल्म खाली घेतली. चांदमियाकडे पाहिलं, मग जमलेल्या सगळ्यांकडे.

"हाव," ते म्हणाले. "कापूसबी."